कोरड्या ओढ्याकाठचा रस्ता आणि त्याच्या पाट्या

लॉस एंजेलिसमधील अरोयो सेको पार्कवे या जुन्या द्रुतगती मार्गावर गाडी घालायची असेल, तर अनेक ठिकाणी चालकाला आधी पूर्ण थांबावे लागते. शेजारच्या वस्तीतल्या रस्त्यावरून वळून गाडी वर येते, समोर लाल अष्टकोनी पाटी ‘थांबा’ असे सांगते, आणि त्या पाटीच्या अगदी पुढ्यातून इतर गाड्या ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगाने धावत असतात. चालकाने मान वळवून मागून येणाऱ्या गाड्यांमधली फट हेरायची आणि शून्यावरून एकदम वेग घेत त्या फटीत शिरायचे, अशी येथील रीत आहे. द्रुतगती मार्गावर थांबून चढणे हे ऐकायलाच विसंगत वाटते. परंतु ही विसंगती कोठून आली हे नीट पाहिले, तर शहरी द्रुतगती मार्ग ही कल्पना कशी घडत गेली आणि रस्त्यावरच्या पाट्यांना त्या घडणीत केवढे काम करावे लागले, हे दोन्ही या एकाच रस्त्यावर उलगडते.

आधी थोडे गणित पाहू. साधारण मोटारगाडी सहजपणे वेग वाढवत असेल, तर दर सेकंदाला तिचा वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास वाढतो असे धरायला हरकत नाही. या हिशेबाने शून्यावरून ताशी ७२ किलोमीटरला पोहोचायला सुमारे १० सेकंद आणि १०० मीटर लागतात. ताशी ९० किलोमीटरला पोहोचायचे असेल, तर १२-१३ सेकंद आणि दीडशे मीटरांहून थोडे अधिक. वेग पाव हिश्शाने वाढला, पण लागणारे अंतर निम्म्याहून जास्त वाढले, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच आजच्या द्रुतगती मार्गांवर मुख्य प्रवाहात मिसळण्यापूर्वी वेग घेण्यासाठी एक लांबलचक स्वतंत्र मार्गिका ठेवलेली असते. अरोयो सेको पार्कवेच्या कित्येक प्रवेशांवर अशी मार्गिका जवळजवळ नाहीच. बाहेर पडतानाही तोच प्रकार आहे. काही रॅम्प मुख्य रस्त्यापासून इतक्या काटकोनात वळतात की तेथे ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर, एवढाच वेग ठेवा असे सांगणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या आहेत. माणूस थोडे झपाझप चालला तर याच्याजवळ पोहोचतो.

हा निष्काळजीपणा नव्हता. रस्ता आखणाऱ्यांनी ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, हा वेग गृहीत धरला होता आणि १९४० च्या सुमाराच्या गाड्यांच्या मानाने तो चांगलाच होता. रस्त्याचा प्रत्येक भाग अशा एका गृहीत वेगावर बेतलेला असतो. वळण किती रुंद घ्यायचे, वळणावर रस्ता एका बाजूला किती कलता ठेवायचा, पुढचे किती अंतर नजरेच्या टप्प्यात हवे, हे सगळे त्या एका आकड्यावरून ठरते. आकडा मागाहून बदलला, तर काँक्रीट आपोआप बदलत नाही.

अरोयो सेको या स्पॅनिश नावाचा अर्थ कोरडा ओढा. सॅन गॅब्रिएल डोंगरातून निघणारा हा ओढा पासाडेना आणि साउथ पासाडेनाच्या कडेने खाली येऊन लॉस एंजेलिस नदीला मिळतो. वर्षातला बराच काळ त्यात पाणी नसते, पण डोंगरावर जोराचा पाऊस झाला की तो अचानक भरून वाहतो. डोंगराच्या पायथ्याचे पासाडेना आणि खालचे लॉस एंजेलिस यांना जोडायला ओढ्याचे हे खोरे ही निसर्गानेच आखून दिलेली वाट होती, त्यामुळे मोटारींच्या आधीही या वाटेवर लोकांची नजर होती. होरेस डॉबिन्स या पासाडेनातील गृहस्थांनी येथे केवळ सायकलींसाठी उंचावरून जाणारा लाकडी रस्ता बांधायला घेतला होता. १ जानेवारी १९०० रोजी त्याचा सुमारे दोन किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, त्यावर पथकर घेतला जाई आणि रात्री विजेचे दिवे लागत. आडवे रस्ते नाहीत, मध्ये कोठे थांबणे नाही, चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या, हे द्रुतगती मार्गाचे सगळे गुण त्या लाकडी रस्त्यात होते. पण सायकलींची हौस ओसरली, ट्राम आणि पाठोपाठ मोटारी आल्या, आणि तो रस्ता लॉस एंजेलिसपर्यंत कधी पोहोचलाच नाही.

येथे दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यांच्यावरून बराच गोंधळ होतो. फ्रीवे म्हणजे फुकटचा रस्ता असे अनेकांना वाटते. ‘फ्री’चा येथे अर्थ अडथळ्यांपासून मोकळा असा आहे. एडवर्ड बॅसेट या नगररचना क्षेत्रातील वकिलांनी १९३० मध्ये हा शब्द मांडला, आणि त्यांचा रोख जमिनीच्या हक्काकडे होता. साध्या रस्त्याच्या कडेला ज्याची जमीन असते, त्याला आपल्या दारातून थेट रस्त्यावर येण्याचा हक्क असतो. दुकान, गोठा, गॅरेज, पेट्रोल पंप, जे असेल त्याचे तोंड रस्त्याकडे. बॅसेट यांच्या कल्पनेतील नव्या रस्त्याला लगतच्या जमिनीतून असा प्रवेशच नव्हता. कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये कायदा करून फ्रीवेची व्याख्या याच धर्तीवर केली, आणि प्रवेशाचा हक्क कायद्याने काढून घेता आल्यामुळेच शहराच्या आतून असा रस्ता नेणे शक्य झाले. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता यांत जो खरा फरक आहे, तो मार्गिकांच्या संख्येचा नसून याच प्रवेशाच्या हक्काचा आहे.

पार्कवे हा शब्द मात्र बागेच्या बाजूने आलेला आहे. झाडीतून, ओढ्याकाठाने, डोळ्यांना सुख देत जाणारा फिरण्याचा रस्ता, असा त्याचा मूळ भाव. अरोयो सेकोचा रस्ता आखला जात असताना हे दोन्ही विचार एकत्र आले. वळणे खोऱ्याच्या वळणांप्रमाणे ठेवली, कडेला स्थानिक झाडे-झुडपे लावली, आणि दोन दिशांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतही झुडपेच होती. एक पाय बागेत आणि एक पाय कारखान्यात, अशी या रस्त्याची ठेवण आहे, आणि मला तो त्यामुळेच इतर कोणत्याही फ्रीवेपेक्षा अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

बांधकाम एका दमात झाले नाही. आज जे बोगदे या रस्त्याचा सर्वांत ओळखीचा भाग मानले जातात, ते मुळात फ्रीवेसाठी खोदलेलेच नव्हते. एलिशियन पार्कच्या टेकडीखालून फिगरोआ स्ट्रीट हा शहरातला साधा रस्ता नेण्यासाठी १९३१ मध्ये तीन आणि १९३६ मध्ये चौथा बोगदा पूर्ण झाला. त्यांतून दोन्ही दिशांनी वाहतूक चाले. १९३७ मध्ये लॉस एंजेलिस नदीवरचा फिगरोआ स्ट्रीटचा पूल आला. खोऱ्यातल्या पार्कवेचे काम १९३८ मध्ये सुरू झाले. मंदीचा काळ असल्याने सरकारी रोजगार योजनांमधील मजूर त्यावर आणि ओढ्याला काँक्रीटच्या पात्रात बांधण्याच्या कामावर होते. ३० डिसेंबर १९४० रोजी राज्यपाल कल्बर्ट ओल्सन यांच्या उपस्थितीत रस्ता रीतसर खुला झाला. दिवस विचार करून निवडलेला होता, कारण १ जानेवारीला पासाडेनात गुलाबांच्या चित्ररथांची मोठी मिरवणूक असते आणि तिला लोटणारी गर्दी नव्या रस्त्यावरून जाणार होती.

मूळ आराखड्यात प्रत्येक दिशेला दोन मार्गिका आणि कडेला गाडी थांबवण्यासाठी पट्टा होता. काम चालू असतानाच रहदारीचा अंदाज वाढला आणि तो पट्टा मोडून तिसरी मार्गिका करण्यात आली. रस्ता सहापदरी झाला, पण बंद पडलेल्या गाडीला उभे राहायला जागा उरली नाही, म्हणून नंतर कडेला ठिकठिकाणी छोट्या खाचा काढाव्या लागल्या. दिवसाला सुमारे २७ हजार गाड्या येतील असे धरून बांधलेल्या या रस्त्यावरून आज एक लाखाहून अधिक गाड्या जातात. अवजड ट्रकना येथे १९४३ पासून मनाई आहे.

त्याच १९४३ सालच्या डिसेंबरात एक असा बदल झाला, ज्याचा परिणाम पुढे थेट पाट्यांवर झाला. पार्कवे शहराच्या मध्यापर्यंत वाढवला गेला. दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्यांसाठी एलिशियन पार्कच्या टेकडीवरून नवा रस्ता काढला, आणि चारही बोगदे पूर्णपणे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना दिले. जुना शहरी रस्ता अशा रीतीने द्रुतगती मार्गाचा भाग बनला. परंतु तेथील उत्तरेकडची मुख्य फाटाफूट, जी पुढे इंटरस्टेट ५ या आंतरराज्य महामार्गाकडे जाणारी वाट झाली, ती बोगद्यांच्या पलीकडे लगेच आणि तीही डाव्या हाताला आहे. अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे बाहेर पडण्याचा मार्ग उजवीकडे असेल हे चालकाच्या अंगवळणी पडलेले असते. येथे बोगद्याच्या अंधुक उजेडातून बाहेर येताच त्याला डावीकडे असावे लागते. हे बोगद्यात शिरण्यापूर्वीच कळले नाही, तर पुढे वेळच उरत नाही.

बोगद्यांच्या दक्षिणेला आणखी एक नवल उभे राहिले. दोन फ्रीवे एकमेकांना छेदतात तेथे प्रत्येक दिशेच्या गाडीला न थांबता कोणत्याही दुसऱ्या दिशेला वळता यावे, म्हणून रस्ते एकावर एक चार मजल्यांत रचलेले आहेत. अशा रचनेची ही जगातली पहिली चौमजली गाठ. तिचे बांधकाम १९४९ मध्ये पूर्ण झाले, पण तिला जोडणारे रस्ते तयार नसल्याने ती पूर्णपणे वापरात यायला १९५३ उजाडले. या गाठीमुळे एका अगदी साध्या प्रश्नाने मोठे रूप घेतले: चालकाला आपण कोठे चाललो आहोत हे कळणार कसे? डावीकडे जायचे असेल तर आधी उजवीकडे वळायचे, अशा वाटा डोळ्यांनी पाहून समजत नाहीत. त्या कोणीतरी सांगाव्या लागतात, आणि सांगायला पाटीशिवाय तेथे कोणीच नसते.

पाट्यांची गोष्ट येथून पुढे रस्त्याच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची होते. दक्षिण कॅलिफोर्नियात दिशादर्शक पाट्या लावण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सरकारने नव्हे, तर तेथील ऑटोमोबाईल क्लबने केले. मोटारमालकांच्या या संस्थेने हजारो पाट्या उभारल्या, आणि सरकारने हे काम हळूहळू आपल्याकडे घेतले ते १९४० आणि १९५० च्या दशकांत. त्या जुन्या पाट्या तामचिनीच्या असत. आपल्या घरांतल्या जुन्या पांढऱ्या ताटल्या आणि टमरेले आठवावीत. लोखंडी पत्र्यावर काचेसारख्या मुलाम्याचा थर भट्टीत भाजलेला, टवका उडाला की खालून गंज धरणारा. ऊन-पावसात त्या वर्षानुवर्षे टिकत, पण त्यांवरची अक्षरे लहान होती, कारण त्या सावकाश चालणाऱ्या गाडीसाठी होत्या.

अक्षर किती मोठे हवे, याचा एक ठोकताळा आहे. अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीमागे साधारण साडेतीन मीटर अंतरावरून ते वाचता येते असे धरतात. म्हणजे दहा सेंटिमीटरचे अक्षर ३५ मीटरांवरून वाचता येईल. ताशी ७२ किलोमीटरने गाडी दर सेकंदाला २० मीटर जाते, तेव्हा वाचायला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि त्यातच नाव वाचायचे, ठरवायचे, आरशात पाहायचे, मार्गिका बदलायची. चाळीस सेंटिमीटरचे अक्षर केले की हाच वेळ सात सेकंदांपर्यंत जातो. फ्रीवेवरच्या पाट्या खोलीच्या भिंतीएवढ्या का असतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. आणि एवढी मोठी पाटी कडेला उभी केली तर ट्रकआड लपते, म्हणून ती रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानीवर, ज्या मार्गिकेबद्दल सांगायचे तिच्या नेमक्या वर, चढवली गेली.

मग अक्षरांच्या आकाराचा प्रश्न आला. तोपर्यंत अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या पाट्या सरसकट कॅपिटल अक्षरांत असत. १९५० च्या सुमारास टेड फोर्ब्स आणि कॅलिफोर्नियातील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉल अक्षरांशी त्यांची तुलना करून पाहिली. सगळी कॅपिटल अक्षरे सारख्या उंचीची असल्याने लांबून प्रत्येक शब्द एका आयताकृती पट्टीसारखा दिसतो. स्मॉल अक्षरांत काहींच्या काठ्या वर जातात, काहींच्या शेपट्या खाली येतात आणि शब्दाला स्वतःची बाह्यरेषा मिळते. देवनागरी वाचणाऱ्याला हे लवकर पटावे. ‘पुणे’ आणि ‘ठाणे’ हे शब्द अक्षरे सुटी दिसण्याआधीच पहिल्याचा खालचा उकार आणि दुसऱ्याचा काना यांवरून ओळखू येतात. ओळखीच्या गावाचे नाव आपण अक्षर-अक्षर वाचत नाही, त्याची आकृती ओळखतो. कॅलिफोर्नियाने फ्रीवेवर स्मॉल अक्षरे आणली आणि तेथून ती देशभर गेली.

रात्रीचा प्रश्न याहून अवघड होता. पाटीवर प्रकाश पाडण्यासाठी दिवे लावता येतात, पण ते जातात, बिघडतात, आणि प्रत्येक पाटीपर्यंत वीज नेणे परवडत नाही. उपाय असा निघाला की गाडीच्याच दिव्यांचा प्रकाश पाटीने गाडीकडे परत पाठवावा. साधा आरसा हे करू शकत नाही, कारण तिरका आलेला प्रकाश तो तिरकाच दुसरीकडे फेकतो. कॅरम खेळणाऱ्याला यातली युक्ती समजावण्याची गरज नाही. स्ट्रायकर कोपऱ्याजवळ असा मारला की तो एका कडेवर आपटून लगेच शेजारच्या कडेवर आपटतो, तर तो ज्या दिशेने गेला त्याच दिशेला समांतर परत येतो, मग सुरुवातीचा कोन कोणताही असो. बोर्डाच्या कोपऱ्यात दोन कडा मिळतात. एकमेकींना काटकोनात असलेले तीन आरसे एका कोपऱ्यात मिळवले, तर प्रकाशाच्या किरणाचेही तेच होते. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेले परावर्तक याच तत्त्वावर चालतात, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण ते पृथ्वीकडेच परत पाठवतात.

पाट्यांवर या तत्त्वाची बटणे आली. सुरुवातीला काचेची भिंगे असलेली आणि पुढे मागच्या बाजूला असे सूक्ष्म कोपरे पाडलेली पारदर्शक प्लॅस्टिकची. ही गोल बटणे प्रत्येक अक्षराच्या रेघेत ओळीने बसवत. दिवसा पाहिले तर पांढऱ्या अक्षरांवर टिकल्या लावल्यासारख्या दिसत, आणि रात्री गाडीच्या दिव्यांत अक्षराची नुसती टिंबे उजळत, जणू नाव रांगोळीच्या ठिपक्यांनी काढले आहे. बटण बसायला रेघ पुरेशी जाड हवी, म्हणून कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी सरकारी अक्षरमालिकेतील ‘ई’ या वळणाच्या रेघा जाड केल्या, आणि त्या बदललेल्या वळणाचे नाव ‘ई मॉडिफाइड’ पडले. अक्षराचे रूप येथे कोणा सुलेखनकाराने नव्हे, तर एका बटणाच्या रुंदीने ठरवले. हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते, कारण पुढे हेच वळण देशभरातील इंटरस्टेट महामार्गांनी स्वीकारले.

रंगाचा निर्णय मात्र मतदानासारखा झाला. कॅलिफोर्नियातील फ्रीवेवरच्या पाट्या तोवर काळ्या पार्श्वभूमीच्या होत्या. इंटरस्टेट महामार्गांचे जाळे विणायला घेतले तेव्हा एक रंग ठरवणे भाग होते. संघराज्याचे महामार्ग प्रशासक बर्ट्रम टॅलमी यांचा कल निळ्याकडे होता, आणि ते स्वतः रंगांध होते. मेरीलँडमधील ग्रीनबेल्टजवळ वाहतुकीला न खुल्या झालेल्या रस्त्यावर हिरव्या, निळ्या आणि काळ्या अशा पाट्या लावून चालकांना त्यांवरून नेले आणि त्यांना कौल विचारला. ५८ टक्क्यांनी हिरवा, २७ टक्क्यांनी निळा आणि १५ टक्क्यांनी काळा पसंत केला. त्यानंतर अरोयो सेकोवरच्याही काळ्या पाट्या हळूहळू जाऊन हिरव्या आल्या.

मधल्या काळात रस्त्याची ओळखही बदलत राहिली. १९५४ मध्ये त्याचे नाव पासाडेना फ्रीवे झाले. प्रसिद्ध ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग १९६४ पर्यंत यावरूनच जात होता, मग काही वर्षे हा राज्यमार्ग ११ होता आणि १९८१ पासून तो ११० आहे. त्यातही गंमत अशी की इंटरस्टेट १० च्या दक्षिणेला हाच ११० इंटरस्टेटचा लाल-निळा ढालीचा आकार मिरवतो, आणि उत्तरेला, जेथे रस्त्याची वळणे व रॅम्प आधुनिक मापात बसत नाहीत तेथे, त्याच आकड्याभोवती कॅलिफोर्नियाच्या राज्यमार्गांची हिरवी, खाणकामगाराच्या फावड्याच्या पात्यासारखी आकृती येते. ज्याला हे माहीत आहे त्याला केवळ क्रमांकाभोवतीची चौकट पाहून रस्त्याचे वय कळू शकते.

एवढे सगळे असूनही बोगद्यांआधीची मोठी पाटी अपुरी राहिली होती. मध्य लॉस एंजेलिसमध्ये थर्ड स्ट्रीटच्या पुलाजवळ ११० वर उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी जी कमान होती, तिच्यावर इंटरस्टेट ५ चा उल्लेखच नव्हता. रिचर्ड अँक्रम हे कलाकार एकदा याच कारणाने वाट चुकले होते आणि ती गोष्ट त्यांच्या मनात अनेक वर्षे राहिली. त्यांनी सरकारी नियमपुस्तिका अभ्यासली, जुन्या पाट्यांची मापे घेतली, रंगांच्या छटा जुळवल्या, परावर्तक बटणे मिळवली, आणि इंटरस्टेट ५ ची ढाल व ‘नॉर्थ’ हा शब्द हुबेहूब सरकारी पद्धतीने तयार केला. नवी पाटी शेजारच्या मळलेल्या पाटीजवळ उठून दिसू नये म्हणून त्यावर करड्या रंगाचा पातळ हातही फिरवला. ५ ऑगस्ट २००१ रोजी सकाळी नारिंगी जाकीट आणि हेल्मेट घालून ते कमानीवर चढले आणि अर्ध्या तासाच्या आत ते तुकडे बसवून खाली उतरले. कोणीही हटकले नाही.

पुढचे अनेक महिने कोणाच्या लक्षातही आले नाही. २००२ मध्ये बातमी फुटली तेव्हा राज्याच्या परिवहन विभागाने ती पाटी तपासली, ती नीट बसवलेली आणि मापात असल्याचे पाहिले आणि जागेवरच राहू दिली. परवानगीशिवाय वाहत्या रस्त्यावर चढणे धोक्याचे होते, एखादे अवजार हातातून निसटले असते तर खाली कोणाचा जीव गेला असता, आणि कोणी त्याचे अनुकरण करू नये हे स्पष्टच आहे. परंतु त्या पाटीने रोज हजारो लोकांना वेळेवर डाव्या मार्गिकेत आणले, हेही तितकेच खरे आहे. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, विभागाने ती कमान बदलली, आणि नव्या सरकारी पाटीवर इंटरस्टेट ५ चा उल्लेख होता.

पार्कवेला नंतर बरेच मान मिळाले. १९९९ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीतील राष्ट्रीय महत्त्वाचा टप्पा म्हणून, २००२ मध्ये निसर्गरम्य मार्ग म्हणून आणि २०११ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. २०१० मध्ये पासाडेना फ्रीवे हे नाव मागे घेऊन अरोयो सेको पार्कवे हेच मूळ नाव पाट्यांवर परत आणले गेले. माझ्या मते हा निव्वळ स्मरणरंजनाचा निर्णय नव्हता. फ्रीवे असे वाचले की चालक फ्रीवेच्या वेगाची अपेक्षा धरतो, आणि या रस्त्याला ती अपेक्षा पेलत नाही. एका बाजूला काँक्रीटमध्ये बांधलेला ओढा, दुसऱ्या बाजूला उद्याने आणि घरे, त्यात आता वारशाचा दर्जा. रस्ता रुंद करायला जागा नाही आणि करूही नये. त्यामुळे चालकाला सावध करण्याचे जे काही काम आहे, ते रंग, अक्षरे आणि नाव यांनाच करावे लागते. जून २००३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सकाळपुरता हा रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मोकळा केला होता, तेव्हा डॉबिन्स यांच्या लाकडी रस्त्याने जे अर्धवट सोडले होते, ते काही तासांसाठी का होईना, पूर्ण झाले.

बटणांच्या पाट्या मात्र आता फार थोड्या उरल्या आहेत. सूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म कोपरे असलेले परावर्तक पत्रे स्वस्त आणि अधिक उजळ झाले, बटणे बनवणारे कारखाने थांबले, आणि शतक संपता संपता कॅलिफोर्नियानेही नव्या पाट्यांवर बटणे बसवणे सोडले. आता सगळे अक्षर सलग उजळते. त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. जाड रेघेचे अक्षर फार उजळले की प्रकाश कडांबाहेर सांडतो, स्मॉल ‘ई’ किंवा ‘ए’ मधली छोटी पोकळी भरून आल्यासारखी दिसते, आणि वयस्कर डोळ्यांना ती दोन अक्षरे वेगळी करणे जड जाते. यावर उपाय म्हणून मोकळ्या पोकळ्यांचे क्लिअरव्ह्यू नावाचे नवे वळण तयार झाले. केंद्र सरकारने त्याला २००४ मध्ये तात्पुरती मान्यता दिली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०१८ मध्ये पुन्हा दिली. कॅलिफोर्निया जुन्याच वळणावर राहिला. बोगद्यांआधीच्या नव्या पाटीवर एकही बटण नाही, तरीही तिच्यावरच्या प्रत्येक अक्षराची रेघ एक बटण बसेल एवढी जाड आहे.